सासरचं बिट, माहेरचं बिट

पावसूत हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने हाक मारली तर दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत असं समजून तो सरळ पुढे निघून जायचा, तेव्हा मीही पावसूतच म्हणतो. इंचाच्या आठव्या भागाला आम्ही हार्डवेअरवाले आणि सुतार मंडळी सूत म्हणतो. त्या सुताचा चौथा हिस्सा म्हणजे पाव सूत. एवढ्या जाडीचं, हातातल्या ड्रिलसारख्या यंत्राला लावून कापायचं बिट तळहातावर ठेवलं तर काही ठेवलंय असं वाटत नाही, आणि खाली पडलं तर दुकानातली सगळी माणसं जागच्या जागी उभी करावी लागतात. एकदा एका रंगाऱ्याला मी असा एका पायावर उभा ठेवला होता, आणि बिट शेवटी निघालं त्याच्याच चपलेत. तो अजूनही माझ्या दुकानातून बाहेर पडताना आधी चपला झटकतो, मग घालतो.

तर पावसूत कामाला होता त्याच्या साडूकडे. साडूला सगळे थोरले म्हणत, कारण दोन बहिणींतली थोरली त्यांच्या घरात होती, आणि कारण ते स्वतःला तसे समजतही असत. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचा तारांच्या वाद्यांचा कारखाना. कारखाना आपलं म्हणायचं. होत्या दोन खोल्या आणि एक पोटमाळा. थोरले लाकूड वाकवायचे, वाद्याचं पोट जोडायचे, तारा चढवायचे. पावसूताकडे जडाव. वाद्याच्या मानेवर शिंपल्याची पानं, मधल्या गोल तोंडाभोवती वेल, कडेने बारीक रेघ. शिंपल्याचा तुकडा कापायचा, त्याच आकाराची खाच लाकडात कोरायची, आणि तुकडा असा बसवायचा की तो तिथेच उगवलाय असं वाटावं.

ऐकायला सोपं आहे. मीही सोपंच समजत होतो, पण मग तो माझ्याकडे बिटं निवडायला येऊ लागला.

बाकीची गिऱ्हाइकं ‘ते हे द्या हो, ते फिरतं ते’ म्हणून काम भागवतात, आणि मीही काहीतरी फिरणारं देतो. पावसूत आला की आधी काउंटरवरचा पसारा बाजूला सारायचा. मग खिशातून काचेचा तुकडा काढायचा. बिट त्या काचेवर बोटाने लोटायचं. सरळ असेल तर गुपचूप घरंगळतं, वाकडं असेल तर लंगडतं. मग धार नखावर टेकवायची. घसरली तर बोथट, अडली तर चांगली. मग धारेची लांबी. माझ्याकडे लांब धारेची बिटं असायची, दिसायला मोठी झोकदार. त्यांना तो हातही लावायचा नाही.

“अप्पा, मला खाच कोरायचीय, विहीर नाही. धार जेवढी लांब, तेवढं बिट लवकर मोडणार.”

एका पानासाठी तो तीन बिटं घ्यायचा. पानाचं पोट एक सुताच्या बिटाने रिकामं करायचं, कडा अर्ध्या सुताच्या बिटाने, आणि टोकं पाव सुताच्या.

मी म्हणालो, “अरे, त्या बारक्याने सगळंच होणार नाही का?”

“होईल की. चमच्याने हौदही उपसता येतो.”

“मग मोठ्यानेच उरक सगळं.”

“फिरणारं बिट गोल असतं, अप्पा. ते स्वतः जेवढं जाड, त्यापेक्षा बारीक टोकात शिरणार कसं? पानाचं टोक बोथट राहतं. मग लोक तिथे भुसा आणि सरस कालवून भरतात.” आणि आवाज खाली आणून म्हणायचा, “भरणा!” शेजारच्या घरातली भानगड सांगावी, तसा तो हा शब्द उच्चारायचा.

त्याच्याबरोबर बायको असायचीच. खरेदी नखाएवढी, पण माणसं दोन. ती त्याच्या खांद्यावरून डोकवायची आणि टोमणे मारत राहायची.

“लग्नाआधी मला एवढं पारखून घेतलं असतंत ना, तर दोघंही सुटलो असतो.”

“तेव्हा काच घरी विसरलो होतो,” तो म्हणायचा.

बिटांना नावं हिनेच ठेवलेली. या बारीक बिटांना पीळ असतो, दोरीला असतो तसा. पीळ एका बाजूचा असेल तर बिट फिरताना भुसा ओढून वर काढतं. खाच आतून स्वच्छ होते, पण वरच्या कडेचे तंतू उभे राहतात. पावसूताच्या भाषेत कडेला मिशा फुटतात. काळ्या कठीण लाकडाला हे बिट चालतं, कारण त्याला मिशा फुटत नाहीत. पीळ उलट्या बाजूचा असेल तर बिट भुसा खाली दाबतं. त्याने खाच आतून भरून येते, सारखी फुंकर मारत बसावं लागतं, पण वरची कड सुरीने कापल्यासारखी राहते. मऊ, फिकट लाकडाला हेच लागतं. दुकानदारीच्या पुस्तकात दोघांना लांबलचक नावं आहेत. पावसूताच्या बायकोने एकदाच दोन्ही नीट पाहिली आणि म्हणाली, “हे पोटातलं सगळं बाहेर काढतंय, म्हणजे हे माहेरचं. आणि हे आत काय चाललंय ते बाहेर कळू देत नाही, वरून सगळं गुळगुळीत. हे सासरचं.”

तेव्हापासून आमच्या काउंटरवर तीच नावं. मी तर खोक्यांवर रंगाने मा आणि सा लिहून टाकलं होतं. एका नवख्या गिऱ्हाइकाने विचारलं, गाण्याचे क्लास पण घेता का म्हणून.

आता एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. पावसूताला पीळ दिसतच नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लाकडावर मारलेली काळी रेघ त्याला भिंगातून दिसायची, पण चकचकीत धातूवर उजेड पडला की समोर नुसता पांढरा भपका. काच, नख, सगळं बोटांचं होतं, तेवढं खरं. पण पीळ कुठल्या बाजूचा, हे पाव सुताच्या बिटावर बोटाला कळत नाही. ते बायको सांगायची. “हे नको हो, माझ्या माहेरच्यांसारखं तोंड वर करून बसलंय,” असं ती म्हणाली की तो ते बाजूला सारायचा. मी बापडा समजायचो, बाई फार लुडबुड करते.

लपवायचं कारण साधं होतं. गावाबाहेर एक नवं वर्कशॉप निघालं होतं. तिथे नक्षी कंप्युटरात घालायची की मशीन आपोआप खाचा कोरून द्यायचं. थोरल्यांचा डोळा त्यावर होता. ऑपरेशन करायचं तर काही आठवडे डोळ्यांना आराम, म्हणजे तेवढे दिवस काम तिकडे जाणार. आणि तिकडे गेलेलं काम परत त्याच्या टेबलावर येईल याची खात्री कोण देणार? पावसूताला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही शिकायची इच्छाही नव्हती. म्हणून तो दिसतंय असं दाखवत होता.

अशात एका वादक बाईंनी थोरल्यांकडे वाद्य सांगितलं. वरच्या फळीवर, गोल तोंडाभोवती, पाना-देठांचा पूर्ण वेल. त्यासाठी थोरल्यांनी पोटमाळ्यावरून एक फळी उतरवली. त्यांच्या वडिलांनी वाळायला ठेवलेली, लोण्याच्या रंगाची, रेषा एकदम सरळ. तसली दुसरी नव्हती.

माझ्या दुकानात उभे राहून, माझ्यादेखत, त्यांनी पावसूताला सांगितलं, “फळी नीट झाली तर बरं. बिघडली, तर यापुढे जडाव सगळा मशीनवर. साडू झालास म्हणून काय झालं?”

पावसूत म्हणाला, “बरं.”

आणि नेमकं त्याच आठवड्यात लेकीच्या बाळंतपणासाठी त्याच्या बायकोला बोलावणं आलं. पानांची बिटं तिने आधीच निवडून दिली होती. राहिलं होतं देठांचं. गाडी पकडायच्या घाईत, पिशव्या सांभाळत, ती दुकानाच्या पायरीशी आली. मी जेवायला गेलो होतो. काउंटरवर आमची सूनबाई होती. हल्लीच दुकानात बसायला लागलेली, हुशार, आणि कुणाला काही विचारणं म्हणजे कमीपणा असं मानणारी.

“अगं, पाव सुताचं एक दे, सासरचं. आखूड धारेचं बघ. आणि तेवढं कारखान्यात पोचतं कर.”

“सासरचं ना? देते, काकू. तुम्ही निघा, गाडी चुकेल.”

खोक्यांवरचे मा आणि सा तिला माझे कसले तरी हिशेब वाटायचे, तेव्हा सूनबाईने पीळ बघून बिट काढलं, त्याच्या नळीतच ठेवून पावसूताकडे पोचवलं. त्याने काचेवर लोटलं: सरळ. नखावर टेकवलं: धार उत्तम. पण कामाचा माणूस. फळीला हात लावण्याआधी त्याने तसल्याच लाकडाच्या एका तुकड्यावर देठाएवढी रेघ कोरली आणि कड ओठावरून फिरवली. बोटापेक्षा ओठाला जास्त कळतं, असं तो म्हणायचा. ओठाला कळलं. मिशा फुटल्या होत्या.

आता आली का पंचाईत? थोरल्यांना विचारावं तर डोळ्यांचं उघड होणार. बायको गाडीत. तो तडक दुकानात आला. मी होतो, सूनबाई होती, आणि मागच्या बाजूला थोरले लाकूड आवळून धरायचे शिकंजे बघत होते. ते त्याला दिसले नाहीत. आम्हीही सांगितलं नाही. आम्हाला काय ठाऊक?

“मी सासरचं मागितलं होतं,” पावसूत म्हणाला.

“मी सासरचंच दिलं,” सूनबाई म्हणाली.

“हे माहेरचं आहे, बाळ. कडेला मिशा फुटल्या.”

“काका, सासरचंच आहे. भुसा वर काढतंय ना?”

“म्हणजे माहेरचंच झालं की!”

“असं कसं? माहेरी मी जरा तोंड उघडलं की आई म्हणायची, गप बस, लोक ऐकतील. सगळं आतल्या आत. इथे आले तर बाबा स्वतः दिवसभर बोलतात, आणि मी गप्प बसले तर विचारतात, बरं नाहीये का? पोटातलं सगळं काढून घेतात. मग वर काढणारं ते सासरचं नाही तर कुणाचं?”

मला काय हसू आलं म्हणून सांगू! गिऱ्हाईक अडचणीत आहे, माल चुकीचा गेलाय, दुकानाचं नाव खराब होतंय, आणि मी खिळ्यांच्या पोत्यावर बसून डोळे पुसतोय. सासऱ्याची अशी तारीफ, तीही भर दुकानात, फार थोड्यांच्या वाट्याला येते.

“तू हसू नकोस, अप्पा,” पावसूत म्हणाला. “मला दाबणारं दे.”

सूनबाईने दोन्ही प्रकारची दोन बिटं त्याच्यासमोर ठेवली. “घ्या, आता बघूनच सांगा कुठलं हवं. पुन्हा माझ्यावर नको यायला.”

त्याने दोन्ही उचलली. दारातल्या उजेडाकडे धरली. एक ठेवलं, दुसरं जरा फिरवलं, मान वाकडी केली, आणि दुकानदाराला फसवावं अशा ऐटीत म्हणाला, “हे.”

“अहो काका,” सूनबाई म्हणाली, “तेच तर तुम्ही आत्ता परत आणलंत.”

माझं हसू जागच्या जागी थांबलं. थोरले शिकंजा हातात घेऊन पुढे आले. त्यांनी त्याच्या हातातलं बिट घेतलं, त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

“पीळ कुठल्या बाजूचा?”

पावसूताने तोंड फिरवलं. “दिसत नाही, दादा.”

“कधीपासून?”

“झालं बरंच.”

“आणि मागची वाद्यं?”

“बिटं हिने बघून दिली. काम माझं.”

“मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं, तर फळी दिली असतीत?”

थोरल्यांनी थोडा विचार केला. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती, आणि गोड बोलण्याची तर त्याहून नाही. “नसती दिली,” ते म्हणाले.

एवढं बोलून ते शिकंजा घेऊन गेले. पावसूताने दाबणारं बिट सूनबाईकडून मागून घेतलं, काचेवर लोटलं, नखावर टेकवलं आणि खिशात ठेवलं. निघताना म्हणाला, “तुझं बरोबर आहे, बाळ. ज्याचं त्याचं सासर.” सूनबाईचा चेहरा उतरला होता. तिला वाटत होतं सगळं तिच्यामुळे झालं. झालं होतंच तिच्यामुळे. पण ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसूत कामावर गेला तर त्याच्या टेबलावर फळी नव्हती. थोरलेही नव्हते. तो माझ्या दुकानात येऊन रंगाच्या डब्यावर बसला.

“गेली,” म्हणाला.

“काय गेलं?”

“फळी. मशीनवर.”

मी चहा मागवला. सांत्वन करायला म्हणून माझ्या चुलत्याची गोष्ट सुरू केली, जो वयाच्या साठीत सायकल शिकला. गोष्ट मोठी आहे. तो अर्धवट ऐकत होता आणि बोटाने डब्याच्या कडेवर उगाच पानं काढत होता. चुलता विहिरीजवळ पोचला तेवढ्यात थोरले दारात उभे. काखेत चादरीत गुंडाळलेली फळी.

“हा इथे बसलाय आणि मी कारखान्यात शोधतोय.”

पावसूत उठला. “कोरली?”

“नाही कोरली.” थोरल्यांनी फळी काउंटरवर आडवी ठेवली, घाम पुसला. “वर्कशॉपवरचा पोरगा म्हणाला, अर्ध्या सुताच्या खाली आम्ही बिट लावत नाही. फार मोडतात, मशीन सारखं थांबवावं लागतं. मी म्हणालो, मग देठांचं काय? तर म्हणतो, थोडे जाड करू. आणि पानांची टोकं? तर म्हणतो कसा, काका, टोकांना भरणा करू, कुणाला कळणार नाही.”

पावसूताने चादर उलगडून फळीवर हात फिरवला. थोरल्यांना राहवलं नाही. “वडिलांच्या फळीला भरणा? मला तिथेच घाम फुटला.”

“मग आता?” मी विचारलं.

“आता काय? ह्याने डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं. फळी थांबेल.”

“बाई थांबतील?” पावसूताने विचारलं.

“त्यांना मी सांगतो लाकूड अजून वाळायचंय. वाळतंच असतं लाकूड, त्यात खोटं काही नाही.” मग जरा चिडूनच म्हणाले, “आणि हे बघ, मधल्या काळात तुझं टेबल कुणाला देणार नाहीये मी. तसं केलं तर मेहुणी मला घरात पाणी विचारणार नाही आणि तिची बहीण जेवण. मला उपाशी मरायचं नाही.”

ते हे सगळं फळीकडे बघून बोलत होते. पावसूतही फळीकडेच बघत होता. दोघांनी मिळून ती चादरीत परत गुंडाळली, जरा जास्तच काळजीपूर्वक, आणि घेऊन गेले. चुलत्याची गोष्ट तशीच राहिली. त्याचं सायकलीसकट विहिरीत काय झालं ते पावसूताने आजतागायत विचारलेलं नाही.

ऑपरेशनं झाली, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. बायको नातवाला टाकून धावत आली आणि आल्या आल्या नवऱ्याला सोडून थोरल्यांवर घसरली, “भाऊजी, पीळ दिसत नाही म्हणून माणसाला भर बाजारात विचारतात का?” थोरले म्हणाले, “भर बाजार कुठला? अप्पाचं दुकान होतं.” याचा मला थोडा राग आला.

पट्टी सुटल्यावर पावसूताचं बायकोकडे लक्ष गेलं. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “तू केस रंगवायचं कधी सोडलंस?” ती म्हणाली, “तुम्हाला दिसायचं थांबलं तेव्हा. उगाच खर्च कशाला?”

मग तो माझ्या दुकानात आला आणि माझे हाल सुरू झाले. काउंटरवरचा चिकटपणा दिसला, काचेच्या कपाटातली झुरळं दिसली, मा आणि सा मी वाकडे लिहिल्याचं दिसलं. पाव सुताची सगळी बिटं त्याने एकेक करून उजेडात धरली आणि अर्ध्याहून जास्त परत खोक्यात टाकली. बायको यावेळी बाहेर पायरीवर सूनबाईशी गप्पा मारत बसली होती. एकदाही डोकावली नाही.

मागच्या वर्षीची दोन वाद्यं दुरुस्तीला आली होती. ती त्याने भिंगाखाली घेतली आणि स्वतःवरच इतका चिडला की थोरल्यांना ती त्याच्यापासून लपवावी लागली. त्यांना त्यात काही दिसलं नाही. मलाही नाही.

वेल कोरायला त्याला पुष्कळ दिवस लागले. मी मधून मधून डोकावायचो, काही ना काही पोचवायच्या निमित्ताने. तो एक देठ कोरायचा, फुंकर मारायचा, बिट बदलायचा, पुन्हा फुंकर. त्याने त्या कामात पाव सुताची किती बिटं मोडली ते मला माहीत आहे, कारण ती सगळी माझ्याकडूनच गेली. पण सांगत नाही, थोरले वाचतील.

वादक बाई आल्या. त्यांनी वाद्य मांडीवर घेतलं, तोंडाभोवती एकदा सहज बोट फिरवलं, आणि लगेच तारा जुळवायला लागल्या. वेलाबद्दल एक अक्षर नाही. मला राहवेना. मी विचारायला जाणार तेवढ्यात पावसूताने माझी बाही ओढली.

“बोलू नकोस,” तो कुजबुजला. “बोट कुठे अडलं नाही.”

बाई खुशीत गेल्या. थोरल्यांनी दार लावून घेतलं, पोटमाळ्यावर चढले, आणि एक नवी फळी काढून पावसूताच्या टेबलावर आणून ठेवली. तिच्यावर वेल हवा की रेघ, काही सांगितलं नाही. तसेच जाणार होते, पण काहीतरी बोलायला हवं असं वाटलं असावं.

“टेबल जरा आवरत जा रे,” ते म्हणाले. “रोज रोज तुझ्या टेबलावर मला जागा शोधावी लागते.”